‘सगळं मी बघतो’ म्हणणाऱ्याच्या हाती काय द्यायचं?

पत्राचा सारांश:

पतीला परदेशात नोकरी मिळाली आहे. दोन महिन्यांनी आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी कायमचे म्हणावे असे तिकडे जाणार आहोत. तिथली भाषा तिघांनाही येत नाही. कंपनी विमानाची तिकिटं आणि पहिल्या महिन्यापुरतं तात्पुरतं घर देणार आहे. पती दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू होतील. म्हणजे घर शोधणं, सरकारी नोंदणी, बँक, शाळा हे सगळं माझ्यावर. पतीच्या सहकाऱ्याच्या ओळखीतले एक गृहस्थ तिथं बरीच वर्षं आहेत, मराठी बोलतात. ‘सगळं मी बघतो, तुम्ही फक्त विमानातून उतरा,’ असं ते म्हणतात. त्यासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम मागतात, त्यातली निम्मी आगाऊ. शिवाय तिघांच्या पासपोर्टच्या प्रती आणि आमच्या वतीनं घर घेता यावं म्हणून मुखत्यारपत्र हवं आहे. तासाच्या हिशोबानं अशी कामं करणारी तिथलीच एक बाईही आहे असं कळलं, पण तिच्याशी मराठीत बोलता येणार नाही, इंग्रजीतच बोलावं लागेल. पती म्हणतात, सगळी माहिती इंटरनेटवर मिळते, माणसाला पैसे कशाला द्यायचे? मला मात्र रात्र रात्र झोप येत नाही. माणूस ठेवला तर मला जमलं नाही असा त्याचा अर्थ होईल का? आणि ठेवायचाच, तर कोणाला?

(विनंतीवरून नाव आणि देश दोन्ही गाळले आहेत.)

उत्तर:

माणूस ठेवला तर ‘मला जमलं नाही’ असं होईल का, हे आधी मिटवून टाकू. नाही होणार. स्पेनमध्ये तिथलेच लोक कर, गाडीची कागदपत्रं, सरकारी अर्ज यांसाठी ‘खेस्तोर’कडे जातात. ब्राझीलमध्ये याच कामाचा धंदा करणाऱ्याला ‘देस्पाशांते’ म्हणतात. जपानमध्ये ‘ग्योसेई शोशी’ होण्यासाठी सहसा राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यावी लागते आणि सरकारी कचेऱ्यांसाठी अर्ज तयार करून देणं हाच त्यांचा व्यवसाय असतो. जी माणसं जन्मापासून ती भाषा बोलत आली, तीसुद्धा या कामाला पैसे देऊन माणूस लावतात. लहान मुलीला घेऊन नव्या देशात उतरलेल्या बाईनं तेच केलं तर तिला कमी लेखायचं काही कारण नाही.

पतीचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. माहिती इंटरनेटवर मिळते, हे खरं आहे, आणि ती तुम्ही दोघांनी वाचायलाच हवी. कोणता अर्ज, किती दिवसांत, सोबत काय जोडायचं, हे बहुतेक देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर असतं आणि पुष्कळदा इंग्रजीतही असतं. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यानं ऐनवेळी काही वेगळंच विचारलं तर काय बोलायचं, घरमालकाच्या फोनवरच्या आवाजावरून तो टाळतोय की खरंच घाईत आहे हे कसं ओळखायचं, हे मात्र तिथं लिहिलेलं नसतं. मदतनीस लागतो तो याच जागी. त्यामुळे ‘सगळं स्वतः’ आणि ‘सगळं दुसऱ्याकडे’ या दोनच वाटा आहेत असं धरून तुमच्या घरात जो वाद चालू आहे, तो मुळातच सोडून द्या.

पुढं जाण्याआधी एक जरा नाजूक गोष्ट. ‘हे सगळं माझ्यावर’ असं तुम्ही लिहिलंत, आणि पुढं कुठंही त्याबद्दल प्रश्न विचारला नाहीत. हे कोणी ठरवलं? व्हिसा तुमच्या पतीच्या नोकरीवर आहे. तुमचा आणि मुलीचा राहण्याचा परवाना त्यांच्या कागदपत्रांवर अवलंबून असणार. घरमालक पगाराचं पत्र त्यांचं मागणार, भाडेकरारावर सही बहुधा त्यांचीच लागणार, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना स्वतः हजर राहावंच लागेल. नव्या देशात येणाऱ्या माणसाला सुरुवातीच्या दोन आठवड्यांत चार-पाच वेळा अर्धा दिवस सुट्टी लागते, हे कंपनीला कळतं. पण ते मागावं लागतं, आणि रुजू होण्याआधी ईमेलनं मागितलेलं बरं. त्याच ईमेलमध्ये मदतनिसाच्या खर्चाचंही विचारा. माणूस बोलावून घेणाऱ्या कंपन्या स्थलांतरासाठी काही तरतूद ठेवतात आणि कोणी विचारलं नाही तर ती तशीच पडून राहते. फार तर नाही म्हणतील. पण आपली बायको हे एकटी करणार आहे, याची जाणीव पतीला तो ईमेल लिहिताना होईल. मला ते पैशांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता ते गृहस्थ. ते लबाड आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना मी ओळखत नाही. पण ‘सगळं’ या शब्दात त्यांनी तीन निरनिराळी कामं एकत्र केली आहेत, आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिलं काम व्हिसा आणि राहण्याच्या परवान्याचं. यावर सल्ला देणं अनेक देशांत परवान्याशिवाय चालत नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्या माणसानं इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. तिथल्या नियामक संस्थेचं नाव जानेवारी २०२५पासून ‘इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटी’ झालं आहे. कॅनडानं सल्लागारांवर देखरेखीसाठी नोव्हेंबर २०२१मध्ये ‘कॉलेज’ नावाची स्वतंत्र नियामक संस्था सुरू केली आणि परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला क्रमांक असतो, तो तपासता येतो. तुम्ही जाणार त्या देशात काय व्यवस्था आहे ते शोधा आणि गृहस्थांना सरळ विचारा, ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ क्रमांक नसेल तर हे काम त्यांच्याकडे नको, मग ते कितीही अनुभवी असोत. अर्जात चुकीची माहिती गेली तर जबाबदार अर्जदार धरला जातो. भरून देणारा नामानिराळा राहतो.

दुसरं काम घराचं. इथं विचारायचा प्रश्न एकच : या व्यवहारात तुम्हाला पैसे कोण देतं? घरमालकाकडूनही दलाली घेणारा माणूस तुमच्या बाजूनं घासाघीस करील अशी आशा ठेवता येत नाही. कायदेही हळूहळू याच दिशेनं गेले आहेत. जर्मनीत १ जून २०१५पासून भाड्याच्या घराची दलाली ज्यानं दलाल नेमला त्यानंच द्यायची, आणि बहुतेक वेळा तो घरमालक असतो. इंग्लंडमध्ये २०१९च्या कायद्यानं भाडेकरूकडून एजंटनं घ्यायच्या बहुतेक फिया बंद झाल्या. स्पेनमध्ये मे २०२३च्या घरविषयक कायद्यानं एजंटचा खर्च घरमालकावर टाकला. जपानमध्ये दलालीला मर्यादा आहे, घरमालक आणि भाडेकरू मिळून एक महिन्याचं भाडं आणि त्यावरचा कर. मात्र तिथं ‘रेकिन’ नावाची रक्कम घरमालकाला भेट म्हणून दिली जाते आणि ती परत मिळत नाही. कोणती रक्कम परत मिळते, कोणती जाते आणि कोणती कायद्यानं मागताच येत नाही, हे खोटं न बोलता सांगणारा माणूस तुम्हाला हवा आहे. दोन महिन्यांचं भाडं मागणाऱ्या तुमच्या गृहस्थांना हे विचारून पाहा. ती रक्कम नेमकी कशाची? त्यांच्या वेळेची, की दलालीची? घर मिळालं नाही तर काय? वर्षाच्या आत घर बदलावं लागलं तर?

तिसरं काम म्हणजे सोबत येणं, बोलणं, समजावून सांगणं. खऱ्या अर्थानं मदतनिसाचं काम ते हेच, आणि तासावर हिशोब करता येईल असं आहे.

तुम्हाला न आवडण्याची शक्यता आहे, तरी एक लिहिते. ते मराठी बोलतात म्हणून तुमचं मन त्यांच्याकडे झुकलंय. दमलेल्या, बावरलेल्या अवस्थेत आपली भाषा कानावर पडली की छातीवरचं ओझं उतरतं, ते मी समजू शकते. पण भाषा सारखी असली म्हणजे हित सारखं असतं असं नाही. उलट आपल्या माणसाकडे पावती मागायला जीभ रेटत नाही. ‘एवढं केलंय त्यांनी, आता हिशोब काय मागायचा’ असं होतं, आणि पुढं काही बिनसलं तर सहकाऱ्याची ओळख मध्ये येते, पतीला ऑफिसात अवघडल्यासारखं होतं. तासाच्या हिशोबानं काम करणाऱ्या त्या बाईंशी तुमचं नातं कामाचं राहील. काम पटलं नाही तर पुढच्या आठवड्यापासून बोलावलं नाही, इतकं सोपं. शिवाय स्थलांतरित माणसाला, मग तो कितीही वर्षं राहिलेला असो, पुष्कळदा आपल्यासारख्यांनाच भाड्यानं देणारे घरमालक आणि आपल्यासारख्यांचीच मुलं जाणाऱ्या शाळा ठाऊक असतात. तिथं वाढलेल्या बाईंना वस्ती संध्याकाळनंतर कशी असते, कोणत्या इमारतीत हिवाळ्यात ओल धरते, कोणत्या शाळेत भाषा न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग असतो, हे माहीत असण्याची शक्यता जास्त. इंग्रजी दोघींचीही दुसरी भाषा असेल तर उलट बरं. दोघी सावकाश आणि सोप्या वाक्यांत बोलाल.

मग गृहस्थांना तोडून टाकायचं का? मुळीच नाही. पहिल्या रविवारी त्यांच्या घरी जा, मुलीला मराठी बोलणारं घर दिसू दे. मराठी माणूस भेटावा असं तुम्हाला वाटतंय ते बहुधा यासाठीच, आणि त्यासाठी करार लागत नाही.

मुखत्यारपत्राबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे : देऊ नका. न भेटलेल्या माणसाला तुमच्या वतीनं करार करण्याचा अधिकार देण्याइतकी घाई तुमची नाही. पहिल्या महिन्याचं घर आहे. घर स्वतः बघून, दोघांनी आत उभं राहून ठरवता येईल. एखाद्या देशात खरोखरच आधी कोणीतरी सही करायला हवी असेल, तर ते कुलमुखत्यारपत्र नसावं. एकाच कामापुरतं, कोणत्या कचेरीत कोणता अर्ज ते नाव घेऊन लिहिलेलं, शेवटची तारीख असलेलं, आणि पैसे देण्याघेण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत वगळलेलं हवं. पासपोर्टच्या प्रती कामाच्या वेळी, ज्या कामाला लागतील तेवढ्याच द्याव्या, आणि प्रतीवर आडवं ‘फक्त अमुक घराच्या अर्जासाठी’ असं तारखेसह लिहावं. मूळ पासपोर्ट ज्या कचेरीला द्यावा लागेल तिथं तो तुमच्या हातानं जाऊ दे. आणि ईमेलचा पासवर्ड, बँकेचा ओटीपी, सरकारी खात्याचं लॉगिन यातलं काहीही ‘मी भरून टाकतो पटकन’ म्हणणाऱ्याला द्यायचं नाही. अर्ज त्यांच्या संगणकावर भरला तरी ईमेल आणि फोन नंबर तुमचाच असू दे. पुढची कित्येक वर्षं सरकारची पत्रं त्याच पत्त्यावर येणार आहेत, आणि मदतनिसाच्या ईमेलवर अडकलेलं खातं सोडवून घेणं फार जिकिरीचं असतं.

पैशांचंही असंच. घर न बघता अनामत पाठवायची नाही. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे आले की किल्ली कुरिअरनं पाठवतो’ हा फसवणुकीचा जगभर चालणारा प्रकार आहे, आणि घाबरलेलं कुटुंब त्यात चटकन सापडतं. अनामतीला कायद्याची मर्यादा आहे का ते आधी बघा. जर्मनीत ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी घेता येते, आणि भाडेकरू ती तीन हप्त्यांत देऊ शकतो. इंग्लंडमध्ये वार्षिक भाडं ५०,००० पाउंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती घरमालकानं ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायची असते. भाडं आणि अनामत घरमालकाच्या खात्यात थेट जावी, मदतनिसाच्या खात्यातून फिरून नव्हे. सरकारी फी असेल तर तुमच्या कार्डानं भरा आणि पावती तुमच्याकडे ठेवा.

आता एक गोष्ट, जी पत्रात कुठं नाही आणि ज्यावर तुमचा पहिला महिना अवलंबून आहे. बऱ्याच देशांत कामांची साखळी असते : पत्ता असेल तर नोंदणी, नोंदणी झाली तर कराचा क्रमांक, मग बँक, मग पगार. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं. जपानमध्येही राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची असते. कंपनी देत असलेल्या तात्पुरत्या घराच्या पत्त्यावर अशी नोंद करता येते का? हा प्रश्न आजच कंपनीला लिहून विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर तुमच्या डोक्यावरची अर्धी टांगती तलवार गेली. ‘नाही’ आलं तर घर शोधण्याचं काम अगदी पहिल्या दिवसापासून धरायला हवं, आणि मदतनिसाचे सगळ्यात जास्त तास तिथं ठेवायला हवेत. या अडचणीवर ‘नोंदणीपुरता पत्ता मिळवून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. जर्मनीत जिथं कोणी राहणार नाही असा पत्ता नोंदणीसाठी देण्याबद्दल ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंद करणारा भाडेकरूही सुटत नाही. सरकारी कचेरीची अपॉइंटमेंट विकणाऱ्यांचंही तेच. स्पेनमध्ये मोफत मिळणाऱ्या वेळा संगणकानं आधीच अडवून विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत. मदतनिसानं तुमच्या वतीनं रोज सकाळी संकेतस्थळ उघडून रिकामी वेळ शोधली, तर त्या वेळेचे पैसे देणं योग्यच. अपॉइंटमेंटचीच किंमत सांगितली, तर विचारा ती कुठून आणली.

आणि काही कामं अशी आहेत की तिथला कितीही हुशार माणूस ती करू शकत नाही, कारण ती निघण्याआधीच व्हायला हवीत. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पदव्या यांवर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) लागत असेल तर ते दाखला देणाऱ्या देशातच होतं. १९६१च्या हेग करारातले बहुतेक देश एकमेकांचं अपॉस्टिल मानतात. जो देश त्यात नाही तिथं दूतावासाचा शिक्का लागतो, आणि त्याला जास्त दिवस जातात. भाषांतराचं उलट आहे. बऱ्याच देशांत तिथल्याच शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर मानलं जातं, म्हणून इथून खर्च करून नेलेलं वाया जाऊ शकतं. आधी विचारा. तिघांची नावं सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखी आहेत का, तेही आत्ताच बघा. लग्नाआधीचं नाव एकावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, वडिलांचं नाव एकात मधलं आणि दुसऱ्यात नाहीच, अशा फरकांवर परक्या देशातला कर्मचारी अडून बसतो आणि तिथं बसून ते दुरुस्त करणं महिन्यांचं काम होतं. मुलीच्या लसीकरणाची नोंद आणि शाळेचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

त्या बाईंना कामावर कसं घ्यायचं? निघण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि एक छोटं काम पैसे देऊन करून घ्या. उदाहरणार्थ, घराच्या तीन जाहिराती पाठवा आणि त्यांना विचारा, ‘यातलं कोणतं घर तुम्ही स्वतःच्या बहिणीला सुचवणार नाही आणि का?’ उत्तरात त्या स्वतःहून प्रश्न विचारतात का बघा. मुलगी किती वर्षांची, ऑफिस कुठं, पगाराचं पत्र कोणत्या भाषेत आहे. प्रश्न विचारणारा मदतनीस चांगला. ‘काळजी करू नका’ एवढंच म्हणत राहणाऱ्यापासून जरा जपून राहा. जमलं तर त्यांनी आधी ज्यांचं काम केलं अशा एका कुटुंबाशी बोला. त्या कुटुंबाला ‘काम छान झालं का’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. काय अडलं होतं आणि तेव्हा बाईंनी काय केलं, ते विचारा.

मग एक पानाचा लेखी करार. कोणती कामं, तासाचा दर, वाट बघण्याचा आणि प्रवासाचा वेळ धरायचा की नाही, जास्तीत जास्त किती तास, पैसे कधी, आणि काम कधी संपणार. आगाऊ द्यायचेच तर पहिल्या आठवड्याच्या कामाचे द्या. त्या कायदेशीर पावती देतात का, स्वतःचा कर भरतात का, हेही विचारा. रोखीत आणि चोरून काम करून घेतलं तर काही देशांत काम देणाराही अडचणीत येतो.

त्यांच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं, हे एका दिवसाच्या उदाहरणानं सांगते. घराचा ताबा घ्यायचा दिवस. घरमालक किंवा त्याचा माणूस किल्ल्या आणि छापील फॉर्म घेऊन येतो, त्यावर खोलीवार रकाने असतात. नव्या माणसाला वाटतं, सही केली की किल्ल्या मिळाल्या. बाईंनी तुम्हाला तिथं घाई करू द्यायची नाही. स्वयंपाकघरातला नळ सोडून बघायचा, गरम पाणी येतं का ते थांबून बघायचं. प्रत्येक खिडकी उघडून लावायची. मूठ सैल असेल तर ‘खिडकीची मूठ सैल’ असं फॉर्मवर लिहायला लावायचं. न्हाणीघरात दारामागचा कोपरा, कपाटामागची भिंत, फरशीवरचे ओरखडे, सगळ्यांचे फोटो त्याच वेळी काढायचे. विजेच्या, पाण्याच्या, हीटिंगच्या मीटरचे आकडे फॉर्मवर आणि फोटोतही हवेत, मीटरच्या क्रमांकासकट. किल्ल्या मोजून आकडा लिहायचा, टपालपेटीची आणि तळघराची धरून. आणि शेवटी ‘इतर’ या रकान्यात घरमालकानं हातानं एखादी ओळ लिहिली असेल, तर ती बाईंनी तुम्हाला शब्द न शब्द वाचून सांगायची आणि मगच सही. घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात ते याच कागदाच्या आधारे. इथं दिलेले दोन तास हे त्यांच्या सगळ्या तासांत सगळ्यात जास्त फायद्याचे.

भाडेकरार मात्र बाईंकडून समजून घेतला म्हणून पुरत नाही. त्यातली सोडून जाण्याची मुदत, भाडेवाढ, दुरुस्ती कोणाची या अटी कळल्याशिवाय सही करू नका. फोनवरच्या भाषांतरानं अंदाज येतो, पण करारातला एखादा नकारार्थी शब्द निसटला तर अर्थ उलटा होतो. अनेक शहरांत भाडेकरूंच्या संघटना असतात, वर्गणी भरून सदस्य झालं की त्यांचे जाणकार करार तपासून देतात. बाईंना अशी संघटना शोधायला सांगा.

कचेरीत जाताना बोलतील त्या, पण कागद तुमच्या हातात असू देत आणि पुढच्या खुर्चीत तुम्ही बसा. घरी येऊन दहा मिनिटं लिहून ठेवा : कुठं गेलो, कोणता कागद दिला, कोणता मिळाला, पुढची तारीख काय. दुसऱ्यांदा तशाच कामाला गेलात की पहिली दोन वाक्यं तुम्ही बोला, भाषा मोडकीतोडकी असली तरी. बाई शेजारी आहेतच. शाळेच्या बाबतीत तर मी आग्रहच धरीन की पहिल्या भेटीला त्या आल्या तरी वर्गशिक्षिकेशी ओळख तुमची व्हावी, आणि निरोप तुमच्या फोनवर यावेत. मुलगी शाळेतून रडत घरी आली, तर फोन तुम्हालाच करायचा आहे. तेव्हा मध्ये कोणी नसावं.

बाईंशीही नीट वागा, हे सांगायला हवं, कारण भेदरलेला माणूस नकळत समोरच्याला ओरबाडतो. रात्री अकराला ‘हे पत्र काय आहे?’ असा फोटो पाठवणं, ठरलेल्या तासांनंतर ‘एवढं एकच’ म्हणून थांबवून ठेवणं, ऐनवेळी काम रद्द करून त्या तासाचे पैसे न देणं, यातलं काही करू नका. आलेली पत्रं साठवून आठवड्यातून एकदा अर्ध्या तासात एकत्र समजून घ्या. तातडीचं म्हणजे काय, ते आधीच ठरवून ठेवा. आणि त्या तुमच्या मैत्रीण झाल्या तर आनंदच आहे, पण ती अपेक्षा मोबदल्यात धरू नका. तुम्हाला झोप येत नाही त्यामागे कागदपत्रांची जितकी भीती आहे, तितकीच दिवसभर कोणाशी बोलायला नसेल याचीही असावी असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. त्या एकटेपणाची सोय वेगळी करायला लागेल : नव्यानं आलेल्यांसाठी नगरपालिकेचे भाषेचे वर्ग, वाचनालय, शाळेतल्या पालकांचे गट. भाषेच्या वर्गात नाव पहिल्या महिन्यातच घाला, घर लागलं नसलं तरी.

या आठवड्यात करायचं ते असं. गृहस्थांना कळवा की तुमच्या मदतीच्या तयारीबद्दल आभारी आहोत, पण घर आम्ही आल्यावर बघून ठरवू, त्यामुळे मुखत्यारपत्र आणि आगाऊ रक्कम आत्ता देत नाही. पोचल्यावर भेटायला मात्र नक्की येऊ. निरोप पतीनं पाठवावा, ओळख त्यांच्या सहकाऱ्याची आहे. तात्पुरत्या घराच्या पत्त्याबद्दल आणि खर्चाबद्दल कंपनीला ईमेलही त्यांनीच लिहावा. तुम्ही बाईंशी व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा. करार सहा आठवड्यांचा करा. घर, नोंदणी, बँक, शाळा एवढंच त्यात असू दे. सहा आठवड्यांनंतर लागलं तर वाढवा, आपोआप वाढेल अशी अट मात्र त्यात घालू नका.